साताऱ्याचं संग्रहालय पहिल्यांदा बघायला जाताय? (आणि घरात जुनी कागदं असतील तर तेही वाचा)

जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्यात आली तेव्हा आम्हीही सगळ्यांसारखे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात गेलो. रविवार होता, मोठी रांग होती, पाय दुखत होते, अर्ध्या तासात सगळी दालनं उरकून बाहेर पडलो. गाडीत बसल्यावर मुलीनं विचारलं, "आई, साताऱ्यातली वाघनखं तिकडं इंग्लंडला नेली कुणी?" मला सांगता आलं नाही. लग्न होऊन साताऱ्यात पंधरा वर्षं झाली होती, रोज अजिंक्यतारा किल्ला डोळ्यांसमोर, आणि एवढं साधं सांगता येऊ नये हे मला फार लागलं.

घरी येऊन आत्याबाईंना विचारलं (सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो). त्या म्हणाल्या, "ते मला ठावं न्हाई, पण आपल्या ट्रंकंत मोडीची कागदं हायत की, तुझ्या सासऱ्यांच्या आज्ज्याच्याबी आधीची. कुनी वाचलीच न्हाईत." लाल कापडात बांधलेला रुमाल (म्हणजे जुन्या कागदांचा गठ्ठा), वर सुतळी. तिथनं माझं सगळं सुरू झालं. त्यानंतर संग्रहालयात कितीतरी वेळा गेले, मोडी शिकले, गडावर श्रमदानाला जाते, आणि या सगळ्यात कुठं काय विचारायचं हे सांगणारं कुणी नव्हतं म्हणून खूप हेलपाटे पडले आणि एक मोठी चूक पण झाली (ती पायरी ७ मध्ये सांगते, तुमच्या घरी जुनी कागदं असतील तर आधी तीच वाचा). तुमचे हेलपाटे वाचावेत म्हणून हे लिहितेय.

पायरी १: निघायच्या आधी घरी बसून पंधरा मिनिटं

ही पायरी सगळे गाळतात आणि मग आत गेल्यावर सगळ्या तलवारी सारख्याच दिसतात. साताऱ्याची गोष्ट थोडक्यात डोक्यात असली पाहिजे, फार नाही, एवढीच:

औरंगजेब १७०७ मध्ये वारला, त्यानंतर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतनं सुटून आले आणि १७०८ मध्ये साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आज जे शहर आहे ते त्यांनी वसवलेलं, म्हणून शाहूनगर. पेशवे पुण्यात बसून कारभार करायचे, पण छत्रपतींची गादी साताऱ्यात होती, हे मुलांना आवर्जून सांगा कारण पुस्तकात पुणं पुणं वाचून त्यांना वाटतं सगळं तिकडंच घडलं. १८१८ मध्ये पेशवाई संपली, इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर ठेवलं आणि शेजारी आपला माणूस बसवला, तो जेम्स ग्रँट डफ. १८१८ ते १८२२ तो साताऱ्यात होता. पुढं १८३९ मध्ये इंग्रजांनी महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं, आणि त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन जवळजवळ चौदा वर्षं तिथं झगडत राहिले. प्रतापसिंहांच्या मागनं त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ अप्पासाहेब गादीवर आले, ते १८४८ मध्ये वारले, तेव्हा दत्तक नामंजूर करून डलहौसीनं सातारा खालसा केलं. झाशी, नागपूर त्याच्या नंतर.

एवढं माहीत असलं की दालनातल्या प्रत्येक पाटीवरचं साल कुठं बसवायचं ते कळतं. मी एका चिठ्ठीवर ही पाच-सहा सालं लिहून नेते, अजूनही नेते.

आणि मुलीच्या प्रश्नाचं उत्तर: वाघनखं तिकडं नेली ती ग्रँट डफनं. ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये असतात. त्यांच्यासोबतच्या डबीवर ती शिवाजी महाराजांची असल्याची नोंद आहे, पण १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखानावर चालवलेली ती हीच, याची खात्री पटवता येत नाही असं त्या म्युझियमनं स्वतःच म्हटलंय. मुलांना हे दोन्ही सांगा. माझ्या मुलीनं लगेच विचारलं, "मग खात्री कशी करतात?" आणि त्या एका प्रश्नावर आमचा अख्खा आठवडा गेला.

पायरी २: कधी जायचं, कसं जायचं

संग्रहालय एसटी स्टँडच्या जवळच आहे, स्टँडवर उतरून चालत जाता येतं. रेल्वेनं येणार असाल तर लक्षात ठेवा, सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीकडं लांब आहे, तिथनं रिक्षा करावी लागते. पुण्याहून गाडीनं साधारण ११० किलोमीटर.

वेळ आणि तिकीट बदलत राहतं म्हणून मी इथं आकडे देत नाही, निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. सरकारी संग्रहालयांना बहुतेक ठिकाणी सोमवारी सुट्टी असते, सणाच्या दिवशी पण बंद असू शकतं. आमचे पाहुणे एकदा कोल्हापूरहून सोमवारी आले आणि गेटवरनं परत गेले, मग कंदी पेढे घेऊन घरी.

गर्दी नको असेल तर डिसेंबर-जानेवारीतले शाळेच्या सहलींचे दिवस टाळा आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी उघडल्या उघडल्या जा. उलट उपक्रम बघायचे असतील तर या तारखा धरा: १९ फेब्रुवारी शिवजयंती, १८ एप्रिल जागतिक वारसा दिन, १८ मे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, आणि १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह. या दिवसांत राज्यभर संग्रहालयांत आणि गडांवर व्याख्यानं, प्रदर्शनं, वारसा फेऱ्या असं काही ना काही असतं. दरवर्षी तेच असेल असं नाही, महिनाभर आधी चौकशी करायची.

एक महत्त्वाचं. फक्त वाघनखं बघायला म्हणून येत असाल तर थांबा. ती साताऱ्यात सात महिने होती, मग २०२५ च्या सुरुवातीला नागपूरला गेली. अजूनही लोक येऊन दारात विचारतात आणि नाराज होऊन आत न जाताच परततात, असं करू नका.

पायरी ३: सोबत काय न्यायचं

- ओळखपत्र (आधार चालतं). विद्यार्थी असाल तर कॉलेजचं आयडी, सवलत असली तर लागतं
- वही आणि पेन्सिल. पेन नको. जुनी कागदपत्रं हाताळायची वेळ आली तर पेन्सिलच चालते, शाईचा एक डाग कायमचा असतो
- चष्मा! आत्याबाई घरी विसरल्या आणि एकही पाटी वाचता आली नाही, सगळं मला वाचून दाखवावं लागलं
- मोबाईल चार्ज केलेला, पण फोटो काढायची परवानगी आहे का ते आधी विचारा
- सुट्टे पैसे
- मोठी सॅक, खायचे डबे, पाण्याच्या मोठ्या बाटल्या गाडीतच ठेवा

फोटोची परवानगी मिळाली तरी फ्लॅश बंद ठेवा. आत अंधार का असतो अशी तक्रार खूप जण करतात, मला पण तसंच वाटायचं. कापड, कागद, रंगीत चित्रं यांना उजेड लागला की रंग उडतो आणि तो परत येत नाही, म्हणून अशा वस्तूंसाठी साधारण ५० लक्सच्या (उजेड मोजायचं माप) आसपासच उजेड ठेवायची पद्धत आहे. आत गेल्यावर दोन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावतात आणि मग सगळं दिसायला लागतं.

पायरी ४: आत गेल्यावर बघायचं कसं

पहिली फेरी न थांबता मारा, फक्त कुठं काय आहे ते बघत. मग तीनच वस्तू निवडा आणि प्रत्येकीसमोर दहा मिनिटं थांबा. बाकीचं पुढच्या वेळी. लांबनं येणाऱ्यांना हे पटत नाही, पैसे वसूल झाले पाहिजेत ना, पण शंभर वस्तू बघून घरी गेल्यावर एकही आठवत नाही हे मी स्वतः अनुभवलंय.

मांडणी अधूनमधून बदलते म्हणून दालन नंबर सांगत नाही, कशाकडं कसं बघायचं ते सांगते.

तलवार बघताना आधी पातं बघा, मग मूठ. पातं सरळ आहे की वाकडं? सरळ लांब पात्याची ती धोप. फिरंग म्हणजे जिचं पातं युरोपातनं आलेलं आणि मूठ इथं बसवलेली, पात्यावर कधीकधी परदेशी कारागिराची खूण असते, ती शोधा. मराठ्यांच्या मुठीला हाताच्या पंज्याला झाकणारी वाटी आणि मागं एक दांडी असते, ती दांडी दुसऱ्या हातानं धरून दोन्ही हातांनी वार करता यायचा. मला हे एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, ते पण बघायलाच आले होते, आणि त्यांनी हातवारे करून दाखवलं तेव्हा काचेतली ती तलवार मला पहिल्यांदा कुणाच्या तरी हातातली वाटली.

दांडपट्टा दिसला तर कोपरापर्यंत हात झाकणारी ती लोखंडी मूठ नीट बघा. मनगट त्यात वळत नाही, सगळा खेळ खांद्याचा आणि कमरेचा. साताऱ्या-सांगलीकडं जत्रेत, शिवजयंतीला पोरं अजून पट्टा फिरवतात, २०२४ मध्ये राज्य सरकारनं त्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलंय.

नाण्यांसमोर लोक थांबतच नाहीत. थांबा. शिवराई म्हणजे तांब्याचा पैसा, एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति". त्या काळी नाण्यावर फारसी असायची, तिथं देवनागरी अक्षरं उमटवली हे केवढं मोठं आहे ते ते छोटं झिजलेलं तांबं बघितल्यावर कळतं. अक्षरं प्रत्येक नाण्यावर थोडी वेगळी दिसतील, कारण छाप हातानं मारायचे, एखाद्यावर अर्धं अक्षर बाहेर गेलेलं असतं.

आणि जुन्या पत्रांमध्ये शेवट बघायची सवय लावा. शिवाजी महाराजांच्या पत्रात वर मुद्रा असते आणि मजकूर संपला तिथं "मर्यादेयं विराजते" हा शिक्का. म्हणजे पत्र इथं संपलं, याच्या खाली कुणी एक ओळ जरी वाढवली तरी ती खोटी. हे कळल्यापासून माझं लक्ष आधी पत्राच्या तळाला जातं.

पायरी ५: पोरांना नेताना

पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर अर्धा तास बास. मोठ्यांना एकेक काम द्या: "वाघ कुठं कुठं कोरलाय ते शोध", "सगळ्यात छोटी वस्तू कोणती", "एका वस्तूचं चित्र काढून आण". माझ्या मुलीनं एकदा तोफगोळ्याचं चित्र काढलं, नुसता गोल, पण त्याखाली माप लिहिलं होतं. "हे कर, ते बघ, नीट वाच" असं मागं लागू नका. काचेला हात लावू देऊ नका एवढंच.

पायरी ६: नुसतं बघून परत येऊ नका, उपक्रमांत घुसा

माझ्या मते खरी मजा इथं आहे आणि नव्या माणसाला सगळ्यात कमी माहिती पण इथलीच असते. आपल्याकडं इतिहासाभोवती जे चालतं ते ढोबळमानानं तीन प्रकारचं: मोडी लिपीचे वर्ग, गडावरचं श्रमदान, आणि व्याख्यानं-प्रदर्शनं. व्याख्यानाला कुणालाही जाता येतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही, वेळेत जा आणि पुढं बसा. बाकी दोन्हीचं सांगते.

कुणाला विचारायचं? तिकीट खिडकीवर विचारू नका, तिथं गर्दी असते. ऑफिसमध्ये जाऊन सरळ सांगा, "मला मोडी शिकायचीय, वर्ग कधी असतात", आणि नाव-नंबर लिहून ठेवून या. नोटीस बोर्डाचा फोटो काढा. मग व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कुणीतरी ॲड करतंच, साताऱ्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

मोडीचा वर्ग: लागतं काय तर एकेरी रेघांची वही, पेन्सिल आणि रोज अर्धा तास. अवघड वाटते पण नाही. आधी पानावर आडवी रेघ मारतात आणि मग अक्षरं त्या रेघेला टांगत जातात, हात न उचलता. शब्द कुठं संपला ते कळत नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. सुरुवातीला लोक एकेक अक्षर लावत बसतात आणि कंटाळून सोडतात. तसं न करता नेहमी येणारे शब्द पाठ करा, कागदाची सुरुवात आणि शेवट ठरलेल्या साच्याचे असतात, तो साचा ओळखीचा झाला की मधलं हळूहळू उलगडतं. आमच्या वर्गात एक निवृत्त तलाठी होते, त्यांना अक्षरं कमी यायची पण कागद सगळ्यात आधी तेच लावायचे, कारण जमिनीच्या कागदात काय लिहिलेलं असणार ते त्यांना आधीच माहीत.

साल काढायला शिका, हे लगेच जमतं. इसवी सन काढायला शके असेल तर ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांसाठी ७९. फसली (महसुलाच्या कामात वापरायचे ते साल) असेल तर ५९० किंवा ५९१. शुहूर सन (जुन्या मराठी कागदांत येणारी आणखी एक कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६००, आणि तो आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत लिहिलेला असतो त्यामुळं नवशिक्यांना ते कुणाचं तरी नाव वाटतं. संवत्सराचं नाव पण दिलेलं असतं, ते पडताळायला उपयोगी, कारण साठ नावं आहेत आणि तीच परत साठ वर्षांनी येतात, शके आणि नाव जुळलं नाही तर कुठंतरी वाचायला चुकलंय.

चार महिन्यांनी मी आमच्या रुमालातला पहिला कागद घेऊन बसले. आत्याबाई शेजारी शेंगा सोलत होत्या. पहिला शब्द लागला तो "कर्जरोखा". मग खाली शके १७५९, हेमलंबी नाम संवत्सरे. म्हणजे १८३७, प्रतापसिंह महाराज गादीवर असतानाचं. बैलजोडीसाठी घेतलेलं कर्ज. आत्याबाईंनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "फेडलं का गं त्यांनी?" ते अजून कळलेलं नाही, पुढचे कागद लावतेय.

गडावरचं श्रमदान: सातारकरांना अजिंक्यतारा जवळचा, त्यामुळं सुरुवात तिथनं करा, पहाटे चढून दहापर्यंत खाली येता येतं. लागणाऱ्या गोष्टी: जाड हातमोजे, बूट (चप्पल नको), पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, कचऱ्यासाठी पोती. पावसाळ्यात निसरडं होतं, एकट्यानं जाऊ नका.

इथं चुका फार होतात, आणि त्या चांगल्या मनानं होतात म्हणून जास्त वाईट वाटतं. उत्साहात लोक खणायला लागतात. परवानगीशिवाय खणायचं नाही, ते बेकायदेशीर आहे आणि मातीत कोणत्या थरात काय होतं ती माहिती एकदा उकरली की गेली. पडलेली तटबंदी सिमेंटनं लिंपायची नाही, जुनं बांधकाम चुन्याचं असतं, सिमेंट त्यात पाणी कोंडून ठेवतं आणि शेजारचा दगड फुटतो. झाड तटातनं उगवलं असेल तर ओढून उपटू नका, मुळासकट चार दगड येतात, जाणकार माणसाकडनं कापून घ्या. ज्या गटाबरोबर जाताय त्यांच्याकडं पुरातत्त्व विभागाची किंवा वन खात्याची परवानगी आहे का हे विचारायला लाजू नका, चांगले गट कागद दाखवतात.

वीरगळांचं, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीच्या दगडांचं, तर वेगळं सांगायला हवं. तुमच्या गावात देवळाबाहेर, पारावर उभे चौकोनी दगड असतील, त्यावर एकावर एक चौकटी कोरलेल्या. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत त्याचं नाव राहावं. खालच्या चौकटीत गायी दिसल्या तर तो गुरं सोडवताना गेलेला. हे सगळं वाचता येतं, खालनं वर वाचायचं. आणि यालाच लोक ऑइल पेंट फासतात, तारेच्या ब्रशनं घासतात, ॲसिडनं धुतात, फरशी करताना उलटा घालून पायरी करतात. आमच्या शेजारच्या गावात एकावर इतका थर चढलाय की चौकटी दिसत नाहीत, नुसता केशरी दगड. तुमच्या गावात असा दगड असेल तर जागचा हलवू नका, चारी बाजूंनी फोटो काढा, फूटपट्टी शेजारी ठेवून उंची-रुंदी घ्या, आणि ती माहिती संग्रहालयात नेऊन द्या. एका रविवारचं काम आहे.

पायरी ७: घरातली जुनी कागदं आणि वस्तू

आता माझी चूक. रुमालात एक मोठा कागद होता, वर शिक्का होता, घडीवर फाटत चालला होता. घरात सगळ्यांना वाटलं हा सगळ्यात महत्त्वाचा, जपला पाहिजे. मी तो एका झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणला. त्या माणसानं चांगलाच करून दिला, चकचकीत, आम्ही खुश. दोन महिन्यांनी एका जाणकार बाईंना दाखवला, त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, गरम प्लॅस्टिक कागदाला चिकटलंय, आता काढायला गेलं तर शाई त्याच्याबरोबर येणार. मशीनच्या उष्णतेनं शिक्क्याची शाई पण पसरली होती. तो कागद तसाच आहे आमच्याकडं. शिक्क्यातली तीन अक्षरं लागतात, बाकीची नाही.

म्हणून, कृपा करून:

- लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, पिन-स्टेपल नाही
- प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत दमट होतं आणि बुरशी येते. धुतलेलं पांढरं सुती कापड सगळ्यात चांगलं
- घडी घातलेला कागद जोरानं उघडू नका. कडकड वाजत असेल तर थांबा
- उन्हात वाळवू नका, सावलीत वाऱ्यावर
- धूळ मऊ ब्रशनं, एकाच दिशेनं
- डांबरगोळ्या कागदाला लागतील अशा ठेवू नका
- पहिलं काम फोटो. दिवसाच्या उजेडात, सरळ वरनं, दोन्ही बाजू, आणि प्रत्येकाला नंबर (नंबर कागदावर नाही, सोबतच्या चिठ्ठीवर)

संग्रहालयाला काही द्यायचं ठरवलं तर सोबत हे न्या: तुमचं ओळखपत्र, वस्तूंची यादी (माप, फोटो, किती), ती तुमच्याकडं कुणाकडनं आली त्याची हकीकत एका पानावर, आणि घरातल्या बाकी वारसांची लेखी संमती. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, भावकीत नंतर भांडणं होतात. देताना दानपत्र करा आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय वस्तू ठेवून येऊ नका, मग समोरचा माणूस कितीही ओळखीचा असो. दिलेली वस्तू दालनात लागेलच असं नसतं, बऱ्याच वस्तू भांडारात राहतात, हे मनाची तयारी करून विचारून घ्या. मूळ द्यायचं नसेल तर फोटो-स्कॅन देऊ का असं विचारा. आम्ही तेच ठरवलंय, आत्याबाई आहेत तोवर रुमाल घरातच.

कायद्याचं थोडं. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू आणि ऐतिहासिक महत्त्वाचं ७५ वर्षांपेक्षा जुनं हस्तलिखित हे १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. घरात ठेवायला हरकत नाही, पण दगड-धातूच्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, विकायचा धंदा लायसनशिवाय करता येत नाही, आणि देशाबाहेर पाठवता येत नाही. दारावर "जुनी नाणी, जुन्या मूर्ती घेतो" म्हणत येणाऱ्यांना काही दाखवू पण नका. शेतात नांगरताना नाण्यांचं गाडगं सापडलं तर ते वाटून घ्यायचं नसतं, १८७८ चा निखात निधीचा (म्हणजे पुरलेल्या धनाचा) कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. तलाठ्याला सांगितलं तरी पुढचा रस्ता कळतो.

पायरी ८: हातात आणखी एक दिवस असेल तर

गावातल्या गावात, जुन्या राजवाड्यातलं प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव या शाळेत दाखल झालं, म्हणून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. त्या तारखेला साताऱ्यात असाल तर नक्की जा.

लिंबची बारा मोटेची विहीर, साधारण १६ किलोमीटर. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाईसाहेब भोसल्यांनी बांधून घेतली. अष्टकोनी आहे, आणि विहिरीतच छोटा महाल. बारा मोटा एकदम चालायच्या त्या जागा वर मोजून बघा, पोरांना फार आवडतं. कठड्यावर बसून फोटो काढू नका.

आणि औंध. इतिहासाची थोडी जरी आवड असेल तर औंध सोडू नका. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेलं. ते स्वतः चित्रकार, कीर्तनकार, आणि सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे. राजा रविवर्मांची चित्रं तर आहेतच, पण इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प पण आहे, जगातल्या मोठमोठ्या म्युझियममध्ये ज्याची शिल्पं असतात त्याचं एक आपल्या खटाव तालुक्यात. याच राजानं १९३९ मध्ये स्वतःचे अधिकार सोडून कारभार लोकांच्या हातात दिला, गांधीजींच्या सल्ल्यानं गावोगावी पंचायतीचं राज्य. संग्रहालय बघताना हे लक्षात असलं की प्रत्येक चित्राकडं बघायची नजर बदलते, हे सगळं जमवणारा माणूस ते कुणासाठी जमवत होता ते कळतं.

औंधला सकाळी लवकर निघा. आधी यमाईचं दर्शन, मग संग्रहालय, तीन तास हाताशी ठेवा. साताऱ्याहून एसटी आहेत पण परतीची शेवटची गाडी कितीला ते उतरल्या उतरल्याच स्टँडवर विचारून वहीत लिहून ठेवा. वर चढताना आत्याबाईंसारखं कुणी सोबत असेल तर गाडी वरपर्यंत न्या, आणि या वेळी चष्मा आधी पर्समध्ये टाका.